हाताला वॉबल, सीटखाली झिणझिण

[तुर्भे, पहाट. मार्केटबाहेर रिकाम्या पिकअपची रांग. क्रेट आदळल्याचे आवाज.]

रात्री ओतूरला या पिकअपमध्ये टोमॅटो भरले, ती माळशेज घाट उतरली आणि पहाटे तुर्भ्याला, वाशीच्या मार्केटात लागली. गाडी जुनी. पुढे सरळ अ‍ॅक्सल, त्याला पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग. माल उतरलाय, पण ड्रायव्हरदादा परतीला निघत नाहीत. ते चहा घेऊन थेट मिस्त्रीकडे आलेत.

तक्रार त्यांच्याच शब्दांत: "पन्नासच्या वर गेली आणि पुलाचा सांधा आला की स्टीअरिंग हातात नाचतं. तीसवर आणली की गप्प. आणि बुडाखाली कायम झिणझिण, ती वेगळीच."

सहा महिन्यांत दोनदा चाकांचं बॅलन्सिंग झालं, एकदा अलाइनमेंट, म्हणजे चाकांच्या दिशेची जुळणी. एका ठिकाणी तर स्टीअरिंग बॉक्सचा, म्हणजे स्टीअरिंगचं फिरणं चाकांकडे पोचवणाऱ्या दात्यांच्या पेटीचा, स्क्रूच आवळून दिला. त्यानं स्टीअरिंग जड झालं, नाचणं काही थांबलं नाही.

[गॅरेज. पुढचं चाक जॅकवर.]

ढिल्या पुढच्या भागाचं अलाइनमेंट म्हणजे हलत्या पाटावर ठेवलेला तराजू. मशीनवर आकडे बरोबर येतात, गाडी रस्त्यावर उतरली की चाकं पुन्हा मनासारखी वळतात. म्हणून मिस्त्री आधी प्ले, म्हणजे सांध्यांमधला ढिलेपणा, शोधतो.

चाक उचलण्याआधी पोऱ्या केबिनमध्ये बसतो आणि स्टीअरिंग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे असं नुसतं हलवत राहतो. मिस्त्री खाली झोपून एकेका सांध्यावर हात ठेवतो. बॉक्सकडून चाकाकडे जाणारा दांडा, ड्रॅगलिंक, ठीक. दोन चाकांना जोडणाऱ्या टायरॉडचे दोन्ही एंड ठीक. बॉक्सचे चेसिसवरचे बोल्ट पक्के. (खाडीकाठच्या खाऱ्या हवेत या बोल्टांजवळ चेसिस गंजून चिरते. ती चीर चिखलाखाली दिसत नाही, म्हणून तो आधी ब्रशने घासतो.)

आता चाक जॅकवर. वरून आणि खालून धरून हलवलं. खट्. प्ले आहे. पण कुठला? बेअरिंगचा की किंगपिनचा?

इथे एक जुनी युक्ती आहे. पोऱ्या ब्रेक दाबून धरतो. ब्रेकमुळे ड्रम मागच्या प्लेटला जखडला जातो, म्हणजे बेअरिंगचा प्ले असेल तर तो नाहीसा व्हायला हवा. पुन्हा हलवलं. खट्. गेला नाही.

किंगपिन.

[जवळून: किंगपिनचा ग्रीस निपल, वर सुकलेला चिखल.]

दाराला जशी बिजागरी, तशी पुढच्या चाकाला किंगपिन. चाक डावी-उजवीकडे वळतं ते याच जाड पिनेभोवती, वर एक बुश (पिन जिच्यात फिरते ती नळी), खाली एक. बुश झिजले की चाक वळण्यापलीकडे डुलायलाही लागतं. एका खड्ड्याचा धक्का पुरतो. मग हे डुलणं, म्हणजेच वॉबल, स्वतःच स्वतःला झोका देत राहतं, आणि वेग उतरला की शमतं. दादा सांगत होते ते हेच.

बाहेरून निपलवर ग्रीस दिसतंय, आत पिन कोरडी. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी हाकली, निपलचं तोंड चिखलानं बुजलं, आणि ग्रीसगन मारणाऱ्यानं वरचंच पुसून दिलं. चाक उचलून, जुनं काळं ग्रीस कडेनं बाहेर पडेपर्यंत गन मारायची असते. एवढा वेळ सहसा कुणी देत नाही.

आणि तो आवळलेला बॉक्स? गाडी आयुष्यभर सरळ चालते, म्हणून बॉक्समधले दाते मधोमध जास्त झिजतात, टोकाला कमी. मधला प्ले घालवायला आंधळेपणानं स्क्रू आवळला तर वळणावर स्टीअरिंग अडकतं आणि आपोआप सरळ व्हायला कुरकुरतं. घाट उतरणाऱ्या गाडीला असलं काही करणं मला तरी गुन्हाच वाटतो. मिस्त्रीनं स्क्रू मागे घेतला.

[दुपार. नव्या बुशला रीमर, भोक मापाला आणणारं हत्यार.]

दोन्ही बाजूंच्या पिना, बुश बदलले. मग अलाइनमेंट, आता त्याला अर्थ आहे. ठाणे-बेलापूर रस्त्यावर ट्रायल. पन्नास, साठ. स्टीअरिंग शांत. आणि सीटखालची झिणझिण स्पष्ट!

तीही ओळखता येते. ताशी ६० किलोमीटरला या मापाचं चाक सेकंदाला साधारण साडेसात फेऱ्या घेतं. चाकाचा हादरा जवळजवळ मोजता येतो. गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे जाणारा प्रॉपेलर शाफ्ट डिफरन्शियलच्या (मागच्या चाकांमधल्या दात्यांच्या पेटीच्या) हिशेबानं सुमारे चौपट फिरतो, त्याची झिणझिणच होते. रस्ता मोकळा बघून मिस्त्री क्षणभर न्यूट्रल करतो. इंजिनाचा आवाज पडला, झिणझिण तशीच. म्हणजे दोष इंजिनात नाही.

[गाडीखाली. टॉर्च.]

शाफ्टच्या मागच्या सांध्यातल्या क्रॉसच्या (फुलीसारख्या तुकड्याच्या) कपाभोवती तांबडी गंजाची भुकटी. क्रॉस आतून कोरडा पडून खाल्ला गेलाय. पण मिस्त्रीची नजर भलतीकडेच. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक, म्हणजे क्रॉस धरणारे दुबेळके, एका रेषेत हवेत. इथे ते किंचित तिरके आहेत. मागे कुणीतरी शाफ्ट खोलला आणि त्याचे दोन भाग जिथे एकमेकांत सरकतात त्या स्प्लाइनचा एक दाता चुकवून बसवला.

"कुणी उघडला होता?"

दादा आठवत राहतात. मिस्त्री खिशातून खडू काढतो, योक एका रेषेत आणतो, आणि नवा क्रॉस घालण्याआधी दोन्ही भागांवर एक पांढरी रेघ ओढून ठेवतो.