आठ मोटारींची बैलगाडी

(दृश्य: कराडजवळचा महामार्ग, पहाट. ऊसगाड्यांची रांग.)

राष्ट्रीय महामार्ग ४८. दिल्लीहून निघतो; जयपूर, अहमदाबाद, मुंबई, पुणे करत थेट चेन्नई. इकडची जुनी माणसं याला अजून 'एनएच फोर'च म्हणतात.

देशातल्या एकूण रस्त्यांमध्ये राष्ट्रीय महामार्ग जेमतेम २ टक्के. सरकारी हिशेबानं ४० टक्के वाहतूक मात्र यांच्याच अंगावर. हे मोजतं कोण?

(दृश्य: मोजणीचा तक्ता, अगदी जवळून.)

चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. झाले पाच ट्रक. शेजारी मोटारींचा रकाना, मग एसटी, टेम्पो, दुचाकी. रस्त्याकडेला बसलेल्या एका माणसानं एकाच बाजूची वाहनं टिपायची. पाळी संपली की दुसरा बसतो, कारण मोजणी सलग ७ दिवस, २४ तास चालते. तीही वर्षातून दोनदा व्हावी, असं मानक सांगतं: एकदा सुगीत, एकदा वर्दळ कमी असताना.

मग या रेघांचे 'पीसीयू' होतात, म्हणजे 'पॅसेंजर कार युनिट': एक वाहन किती मोटारींएवढं, तो आकडा. मोटार १. दुचाकी अर्धा. ट्रक किंवा एसटी ३. ट्रॅक्टर-ट्रॉली साडेचार. आणि बैलगाडी? चक्क ८! हिशेब गाडीच्या किमतीचा नाही, ती रस्ता किती अडवते त्याचा आहे. चौपदरी रस्त्याला दिवसाला साधारण ३५ ते ४० हजार पीसीयू झेपतात. पुढे कोंडी.

(दृश्य: टोलनाका. मोटारी एकामागून एक सुटतात.)

फास्टॅग आपोआप मोजतोच की, मग ही माणसं उन्हात कशाला? असं विचारणारे भेटतात. पण दुचाकीला इथे टोल नाही. ट्रॅक्टरला नाही, बैलगाडीलाही नाही. नाक्याच्या अलीकडे गावात वळलेली गाडी तर नाक्याला दिसतच नाही. कारखाने सुरू असताना या पट्ट्यात रस्ता कोण अडवतं, ते पडद्यावर दिसतंच आहे. ते टिपायला रस्त्याकडेला माणूसच लागतो.

(दृश्य: दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर सेवारस्त्यावरून महामार्गावर चढतो. मागे दिवा नाही.)

तक्त्यात ही एक रेघ.

(दृश्य: दुभाजक ओलांडणाऱ्या शाळकरी मुली.)

यांना रकाना नाही. पायी चालणाऱ्यांची मोजणी वेगळी, तीही कुणी सांगितली तर.

डांबराचा थर किती, पदर किती, उड्डाणपूल हवा की नको, हे ठरवताना हेच आकडे काढतात. २०२२ साली राष्ट्रीय महामार्गांवर ६१,०३८ माणसं अपघातांत गेली.