लिहिण्याचे पैसे मागायचे कसे? बडोद्यातून, नऊ वर्षांच्या अनुभवावरून

नमस्कार मंडळी. मी बडोद्याहून, दांडिया बाजारातल्या आमच्या घरातून बोलतेय. मधेच कुकरची शिट्टी ऐकू आली तर चालवून घ्या, स्वयंपाकघर भिंतीपलीकडेच आहे.

गेली नऊ वर्षं मी लिहून घर चालवते. कथा-कादंबऱ्या नाही. पंपांचे कॅटलॉग, मशीन वापरायच्या सूचना, मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांच्या वेबसाइट, डीलरांना पाठवायची पत्रकं. गुजरातीतून मराठीत, इंग्रजीतून मराठीत, कधी थेट हिंदीत. इथला माल नाशिक, जळगाव, पुण्याला जातो आणि तिथल्या माणसाला तो मराठीत समजावा लागतो. माझं काम ते.

नव्याने सुरुवात करणाऱ्या मुली मला फोन करतात. पहिला प्रश्न ठरलेला: "ताई, पोर्टफोलिओ कुठे बनवू?" मी विचारते, आधी जे काम केलंस त्याचे पैसे आले का? पलीकडे जरा शांतता. मग, "नाही अजून. मागायला कसंतरी वाटतं."

आज मला त्या 'कसंतरी'वरच बोलायचंय. कारण हा धंदा विचारण्यावर चालतो. कामाआधी प्रश्न विचारायचे, कामानंतर पैसे विचारायचे. चांगलं लिहिणाऱ्या कितीतरी जणी मी दोन वर्षांत हे काम सोडून नोकरीला लागलेल्या पाहिल्या, आणि त्यांची भाषा कुठेही कमी नव्हती.

आधी प्रश्नांचं सांगते, कारण तिथे मी स्वतः फार मोठी चूक केली आहे.

दुसऱ्या वर्षातली गोष्ट. एका पंपवाल्यांचं गुजराती सूचनापत्रक मराठीत करायचं होतं. दोन पानं. त्यात एक ओळ होती: "टांकी खाली होय त्यारे पंप चालु करवो नहीं." मी लिहिलं, "टाकी खाली असताना पंप चालू करू नये." एक हजार प्रती छापल्या, खोक्यांत गेल्या, माल नाशिकला पोचला. आठवड्याने तिथल्या डीलरचा मला फोन. "ताई, गिऱ्हाईक विचारतंय, टाकी खाली ठेवायची नाही तर मग कुठे ठेवायची? त्याची टाकी जमिनीतलीच आहे."

लक्षात आलं का? गुजरातीत खाली म्हणजे रिकामी. मराठीत खाली म्हणजे खालच्या बाजूला. पाणी नसताना पंप फिरला की आतलं सील तापतं, कारण त्याला थंड ठेवणारं पाणीच नसतं, आणि ते जळतं. सगळ्या पत्रकातली सगळ्यात महत्त्वाची सूचना ती, आणि माझ्या हातून नेमका तिचाच अर्थ फिरला.

मला ते दिसलं का नाही, याचा मी खूप विचार केला. आपण बडोद्याचे मराठी लोक घरात सर्रास म्हणतो, "साखरेचा डबा खाली झालाय." माझी आजीही म्हणायची. चार पिढ्या गुजरातीच्या शेजारात राहून आपली मराठी अशी झाली आहे, आणि मला ती गोड वाटते. पण नाशिकच्या शेतकऱ्याला ती कळत नाही. मी स्वतःच्या कानावर विसंबले, कुणाला विचारलं नाही.

शेठना मी त्याच दिवशी फोन केला. दुरुस्तीच्या ओळीचं स्टिकर माझ्या खर्चाने छापून दिलं. ते रागावले, रागावणारच. पण सहा महिन्यांनी नवीन मॉडेलचं काम माझ्याकडेच आलं आणि आजही येतं.

तेव्हापासून छपाईला जाण्याआधी मी मजकूर फोनवर एका तिऱ्हाईताला वाचून दाखवते. माझी मावसबहीण जळगावला असते. तिला पंपातलं काही कळत नाही, म्हणूनच ती बरोबर माणूस. ती जिथे "म्हणजे?" म्हणते, तिथे मी खूण करते.

आणखी एक. कारखान्यात गेलात की शेठच्या केबिनमध्ये चहा घ्या, पण तिथेच बसून राहू नका. सर्व्हिसचे फोन घेणारा माणूस कुठे बसतो ते विचारा. त्याच्याकडे एक रजिस्टर असतं, आता कधी कधी एक्सेल शीट असते. गिऱ्हाईकं रोज कशासाठी फोन करतात हे त्यात असतं. तुमच्या पत्रकात काय यायला हवं ते त्या रजिस्टरात आहे. शेठला वाटतं पहिल्या पानावर कंपनीचा इतिहास हवा. रजिस्टर सांगतं की लोकांना वायर कुठे जोडायची तेच कळत नाहीये.

आता क्लायंट म्हणतात, एआय फुकट लिहून देतं. साध्या मजकुराचं काम खरंच गेलं, माझंही गेलं. पण त्या रजिस्टरापर्यंत पायी जावं लागतं. नव्या मुलींनी याच बाजूला वळावं असं मला मनापासून वाटतं: एक उद्योग निवडा, त्याचा माल हातात घेऊन बघा, त्यातल्या माणसांची भाषा शिका.

बरं, आता पैसे.

(वही कॅमेऱ्यासमोर धरते.)

ही माझी वही. साधा हिशोब आहे, तुम्हीही करून बघा. समजा घरखर्चाला महिन्याला ३६,००० लागतात. कर आणि मंदीच्या महिन्यांसाठी ९,००० बाजूला. झाले ४५,०००. महिन्यात कामाचे दिवस बावीस धरा, पण त्यातले प्रत्यक्ष पैसे मिळवून देणारे दिवस बाराच निघतात. बाकीचे कोटेशन, फोन, जाणं-येणं, वसुली यात जातात. ४५,००० भागिले १२, म्हणजे दिवसाचे ३,७५०.

आता क्लायंट म्हणतो, शब्दाला दीड रुपया देतो, २,४०० शब्दांचा कॅटलॉग आहे. झाले ३,६००. पण काम चार दिवसांचं आहे: एक दिवस कारखान्यात, दोन दिवस लिहायला, एक दिवस दुरुस्त्यांना. माझ्या हिशोबाने १५,०००. कुठे ३,६०० आणि कुठे १५,०००! शब्दांवर भाव लावला की तुम्ही विचारलेल्या प्रश्नांचे पैसे मिळत नाहीत, फक्त टायपिंगचे मिळतात. म्हणून मी पूर्ण कामाचा आकडा सांगते. सांगून झालं की गप्प बसते. ही गप्प बसायची सवय लावून घ्यायला मला तीन वर्षं लागली. आधी मी आकडा सांगून लगेच म्हणायची, "पण कमी-जास्त करू आपण." समोरच्याने काही म्हणायच्या आतच.

"बेन, आमां केटली वार लागे?" असं विचारणारे भेटतील. दोन पानांना वेळ तो किती! रागावू नका. त्यांना खरंच माहीत नसतं. चार दिवसांचा तपशील कोटेशनमध्ये लिहून द्या. व्यापारी माणसाला तपशील कळतो.

कोटेशनमध्ये मी आणखी चार गोष्टी लिहिते. ४० टक्के ॲडव्हान्स. दोन वेळा दुरुस्ती, तिसऱ्या वेळेपासून वेगळे पैसे. बिल दिल्यापासून ३० दिवसांत पैसे. आणि पूर्ण पैसे मिळाल्यावर मजकुराचे हक्क क्लायंटकडे. या शेवटच्याबद्दल सांगते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नोकरीत लिहिलेल्या मजकुराचा हक्क सहसा नोकरी देणाऱ्याचाच असतो, पण फ्रीलान्सर नोकर नसतो. वेगळा करार नसेल तर पहिला हक्क लिहिणाऱ्याचा. तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो, आणि मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात. क्लायंटला कायमचे हक्क हवे असतात. मी देते, पण पैसे आल्यावर, आणि तसं कागदावर असतं.

ॲडव्हान्सचं 'हो' व्हॉट्सॲपवर आलं तरी ई-मेलवर एक ओळ मागून घ्या. तोंडी ठरलेलं काम मी आता घेत नाही, ओळखीतल्यांचं तर नाहीच. एका ओळखीच्या गृहस्थांकडे माझे अजून पैसे अडकलेले आहेत, आणि लग्नकार्यात समोर आले की दोघांनाही अवघड होतं.

आता ही गोष्ट लिहूनच घ्या. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी. सरकारी पोर्टलवर आधार आणि पॅनवर होते, फुकट. कुणी पैसे मागितले तर देऊ नका. ही नोंदणी झाली की तुमचा एकट्या बाईचा लेखन व्यवसायही सूक्ष्म उद्योग ठरतो आणि छोट्या उद्योगांसाठीचा २००६ चा एमएसएमईडी कायदा तुमच्या बाजूने उभा राहतो. त्यात असं आहे की लेखी करार असेल तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे, करारच नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. त्यापुढे २०२४ पासून आयकरातही तरतूद आली. सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे या मुदतीत दिले नाहीत तर देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षाच्या हिशोबात दाखवता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच दाखवता येतो. सीए लोक तिला ४३बी(एच) म्हणतात.

मी कधी कुणावर तक्रार केलेली नाही. बिलावर फक्त उद्यम क्रमांक छापते, नावाच्या खाली. शेठ बघो न बघो, त्यांचा अकाउंटंट बघतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये तर तोच फोन करून विचारतो, "बेन, तुमचं काही बाकी आहे का?"

वसुलीला बडोद्याचं स्वतःचं पंचांग आहे. दिवाळीत चोपडापूजन, म्हणजे हिशोबाच्या वह्यांची पूजा, झालं की कार्तिक शुद्ध पंचमीच्या लाभपाचमेपर्यंत कुणी पैशाला हात लावत नाही. म्हणून माझी बिलं दसऱ्यानंतर लगेच जातात. उत्तरायणच्या, म्हणजे संक्रांतीच्या आठवड्यात सगळे पतंग उडवायला गच्चीवर, तेव्हा फोन करूच नका. आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा ज्यांची गोदामं भिजली त्यांच्याकडे मी दोन महिने काहीच मागितलं नाही. ते मागणं बरोबर नव्हतं. माझं घर त्या दोन महिन्यांत वहीतल्या ९,००० च्या रकान्यावर चाललं. तो रकाना का आहे, हे मला तेव्हा कळलं.

टीडीएसचं, म्हणजे पैसे देतानाच कापून घेतलेल्या कराचं, थोडक्यात. कंपनी तुमच्या फीमधून १० टक्के कापते, एका वर्षात त्या कंपनीकडून ५०,००० च्या वर गेलात तर. पॅन दिला नसेल तर २० टक्के. ते पैसे बुडत नाहीत, रिटर्न भरताना मिळतात किंवा करात वळते होतात. पण आयकराच्या पोर्टलवर कापलेल्या कराचा तपशील, फॉर्म २६एएस, उघडून बघा, कापलेले खरोखर तुमच्या नावावर जमा झालेत का. माझे एकदा झाले नव्हते. विचारलं, मग झाले.

शेवटी, तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी मागितलेला तो मेसेज. मुदत उलटली की मी काय पाठवते? मंगळवारी सकाळी, अकराच्या आधी पाठवते. सोमवारी त्यांची स्वतःची धावपळ असते. वाचते:

"नमस्कार भाई. ४ तारखेचं कॅटलॉगचं बिल, ९,००० रुपये, काल मुदत संपली. पुन्हा जोडलंय. कोणत्या दिवशी जमा होईल ते कळवाल? आणि नव्या मॉडेलला सर्व्हिसचे फोन कमी आले का, तेही सांगा."

'जमलं तर', 'त्रास देतेय', 'सॉरी' यातलं काही नाही. एक तारीख मागितली आहे. शेवटचा प्रश्न मी मुद्दाम घालते, आणि त्याचं उत्तर मला खरंच हवं असतं. गेल्या मंगळवारी हाच मेसेज गेला. दुपारी उत्तर आलं: "शुक्रवारे. अने बेन, फोन ओछा थया छे." म्हणजे फोन कमी झालेत. शुक्रवारी पैसे आले.