चंद्राचं अंतर मिलिमीटरमध्ये कसं मोजतात

चंद्र ३,८४,४०० किलोमीटर लांब आहे, हे शाळेत सगळ्यांनी पाठ केलेलं असतं. आकडा बरोबर आहे, पण तो सरासरी आहे, आणि पृथ्वीच्या केंद्रापासून चंद्राच्या केंद्रापर्यंतचा आहे. कक्षा लंबवर्तुळाकार असल्यामुळे उपभूला चंद्र साधारण ३,५६,५०० किलोमीटरपर्यंत जवळ येतो, अपभूला ४,०६,७०० पर्यंत लांब जातो. शिवाय आपण राहतो पृष्ठभागावर. डोक्यावरचा चंद्र क्षितिजावरच्या चंद्रापेक्षा सहा हजार किलोमीटरहून जास्त जवळ असतो. उगवताना तो मोठा वाटतो तो भास आहे. फोटो काढून मोजलंत तर किंचित लहानच भरेल. म्हणून अंतर विचारताना कुठून, कुठपर्यंत आणि कोणत्या क्षणी, हे तिन्ही सांगावं लागतं.

नेमकं मोजायचं तर लेझर सोडायचा आणि तो परत यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. त्यासाठी अपोलो ११, १४ आणि १५ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर परावर्तक ठेवले आहेत. रशियाच्या दोन लुनोखोद गाड्यांवरही आहेत. अपोलो ११ च्या चौकटीत ३.८ सेंटिमीटर व्यासाचे काचेचे शंभर तुकडे आहेत. प्रत्येकाला एकमेकांशी काटकोनात तीन पृष्ठं, म्हणजे खोलीच्या कोपऱ्यासारखी रचना. प्रकाश कोणत्याही कोनातून आत शिरला तरी आला त्याच दिशेने परत फिरतो. साधा आरसा इथे निरुपयोगी. जरा कलला की किरण भलतीकडेच जाईल.

न्यू मेक्सिकोतल्या अपाची पॉइंट वेधशाळेच्या साडेतीन मीटरच्या दुर्बिणीतून सेकंदाला वीस वेळा हिरवा लेझर सोडतात. चंद्रावर पोचेपर्यंत त्याचा झोत सुमारे दोन किलोमीटर पसरतो, आणि दर तीन कोटी फोटॉनांतला, म्हणजे प्रकाशाच्या कणांतला, जेमतेम एक परावर्तकावर पडतो. परतताना झोत पंधरा किलोमीटर पसरतो. त्यातलाही तीन कोटींतला एक दुर्बिणीत येतो. भिंगं, आरसे आणि हवेतली गळती धरली, तर लेझरच्या एका स्पंदामागे एखादा फोटॉन हाती लागला तरी रात्र चांगली गेली म्हणायची. चंद्रावरून उजळून येणारा सूर्यप्रकाश वेगळाच. म्हणून प्रकाश परतण्याची वेळ आधी गणिताने काढतात आणि फोटॉन टिपणाऱ्या शोधकाचं दार तेवढ्यापुरतं, शंभर नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाचा एक कोटीवा भाग, उघडतात.

सरासरी अंतरावर जाऊन-येऊन २.५६ सेकंद लागतात. त्यात एक मिलिमीटर म्हणजे ६.७ पिकोसेकंद, एक पिकोसेकंद हा सेकंदाचा लाख कोटीवा भाग. पण चंद्र आपल्या दृष्टीने थोडा डुलतो, चौकट कलते, आणि फोटॉन तिच्या कुठल्या कोपऱ्यातून परतला हे कळत नाही. समजा, एका फोटॉनमागे पाच सेंटिमीटरची अनिश्चितता आहे. ती एक मिलिमीटरवर आणायला अडीच हजार फोटॉनांची सरासरी घ्यावी लागते, कारण अनिश्चितता संख्येच्या वर्गमुळाने घटते.

मात्र खरी कटकट चंद्राकडे नाही, आपल्याकडे आहे. हवेत प्रकाश सावकाश जातो. समुद्रसपाटीवरून पाहिलं तर चंद्र डोक्यावर असतानाही अंतर दोन मीटरहून जास्त वाढीव भरतं. हवेच्या दाबाचं मोजमाप एका मिलिबारने चुकलं की दोनेक मिलिमीटर गेलेच. आणि दुर्बिणीखालची जमीन? समुद्रासारखी तीही भरती-ओहोटीने तीसेक सेंटिमीटर वरखाली होते. हे सगळं वजा केल्यावरच कळतं, की चंद्र वर्षाला ३.८ सेंटिमीटर लांब जातोय.

पौर्णिमेला मात्र परतीचा प्रकाश दहापटीने घटतो. बहुधा काचेवर धूळ बसली असावी: त्या दिवशी ऊन सरळ आत पडतं, धूळ तापते, काच एकसारखी तापत नाही आणि झोत विस्कटतो. डिसेंबर २०१० च्या चंद्रग्रहणात ऊन अडलं, तेव्हा पौर्णिमा असूनही प्रकाश पुन्हा नीट परतू लागला. ही अटकळ पटण्याचं हे सर्वांत सबळ कारण.

चंद्रयान-३ च्या विक्रम लँडरवरही नासाने दिलेला परावर्तक आहे: आठ छोट्या काचा, वजन सुमारे वीस ग्रॅम. पृथ्वीवरून लेझर सोडण्यासाठी तो फार लहान आहे, पण चंद्राभोवती फिरणाऱ्या यानांना पुरतो. १२ डिसेंबर २०२३ रोजी नासाच्या लूनर रिकॉनिसन्स ऑर्बिटरने शंभर किलोमीटरवरून त्याच्यावर लेझर टाकला आणि त्याला परतीचा प्रकाश मिळाला.