शिकायला गेलास की फिरायला?

(दृश्य: रात्रीचा दीड. सहार विमानतळ, टर्मिनल दोन. काचेच्या अलीकडे आईबाबा, पलीकडे ट्रॉली ढकलत जाणारा मुलगा.)

निवेदन:

ऑगस्ट-सप्टेंबरात या काचेपाशी रोज रात्री हेच दिसतं. 23 किलोच्या दोन बॅगा घरी चार-चार वेळा वजन करून आणलेल्या असतात. आत कुकर, गोडा मसाला, भाजणी, मेतकूट आणि आईने अगदी निघताना कोंबलेली लाडवांची डबी. तिकीट नसलेल्याला आत सोडत नाहीत, म्हणून निरोप दारातच उरकायचा. पोरगं वळतं, हात करतं, दिसेनासं होतं. आईबाबा टॅक्सीत बसतात. कर्जाचं व्याज आता चढायला लागलेलं असतं.

मग तीन-चार महिन्यांनी घरच्या ग्रुपवर त्याच पोराचा बर्फातला फोटो येतो. आणि कुणी काका, कुणी आत्या विचारतात, "शिकायला गेलास की फिरायला?"

मी मुलुंडची. दोन वर्षं जर्मनीत शिकले. हा प्रश्न मलाही विचारला गेला आणि तो मला फार लागला. पुढचे कित्येक दिवस मी कुठेही गेले तरी फोटो टाकले नाहीत. ही फिल्म त्या न टाकलेल्या फोटोंची आहे.

(दृश्य: मोबाइलवरचे फोटो. फलाट, रुळ, खिडकीतून दिसणारी शेतं.)

आधी पैशांचं सांगते. जर्मनीत शिकायला जायचं तर वर्षभराच्या खर्चाची रक्कम ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे महिन्याला ठरलेलीच रक्कम काढता येणाऱ्या खात्यात, ठेवून दाखवावी लागते. सध्या ती 11,904 युरो आहे. त्यातले महिन्याला 992 आपल्या हाती येतात. खोलीचं भाडं, आरोग्य विमा, किराणा, सगळं त्यातच. फिरायला उरणार काय?

उरतो तो पास. आणि पास काढून जगणं मुंबईच्या मुलांना शिकवावं लागत नाही.

मे 2023 मध्ये जर्मनीने 49 युरोचा महिन्याचा पास सुरू केला, 2025 मध्ये तो 58 चा झाला. त्यावर देशभरातल्या बस, ट्राम, मेट्रो आणि प्रादेशिक रेल्वेगाड्या चालतात. फक्त लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्या चालत नाहीत. म्युनिकहून बर्लिनला वेगवान गाडी चारेक तासांत जाते. आम्ही पासवाले गाड्या बदलत बदलत नऊ-दहा तास घ्यायचो. डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या, बाटलीत नळाचं पाणी. फास्ट सोडायची, स्लो पकडायची. बसायला मिळतंय आणि खिडकीही मिळतेय, आणखी काय हवं!

माझा अभ्यासक्रम इंग्रजीत होता. जर्मन मी या गाड्यांमध्ये शिकले. दोन स्टेशनांपुरत्या चढणाऱ्या आजीबाई, सायकली घेऊन येणारे कामगार, शाळेची पोरं. शेजारच्या आजीला पुरी दिली की ती आधी संकोचायची, मग पाककृती विचारायची. "तिखटमीठ" जर्मनमध्ये सांगता सांगता माझी पहिली लांबलचक वाक्यं तयार झाली. वर्गात वर्षभरात तोंड उघडलं नसतं इतकं मी तिथे बोलले.

गाड्या तिथेही उशिरा येतात बरं का. 2024 मध्ये लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी 62.5 टक्केच वेळेवर पोचल्या, आणि सहा मिनिटांच्या आतला उशीर तिथे उशीर धरतच नाहीत. आमच्या साध्या गाड्यांचंही पुढची जोडगाडी चुकली की सगळं गणित कोसळायचं. अशा वेळी इंडिकेटरकडे बघून दुसरी वाट काढायची सवय मेगाब्लॉकने लावलेली होती, ती उपयोगी पडली.

(दृश्य: नदीवरचा पूल, त्यावरून जाणारी ट्राम.)

हा राईनवरचा पूल. अलीकडे जर्मनीतलं केल, पलीकडे फ्रान्सचं श्ट्रासबुर्ग. 2017 पासून फ्रान्सची ट्राम नदी ओलांडून केलला येते. मी तिच्यात चढले तेव्हा पासपोर्ट आणि निवास परवाना छातीशी धरून बसले होते. व्हिसासाठी मी महिनोन्‌महिने कागद गोळा केले होते, त्यामुळे देश बदलताना कुणीतरी थांबवेल, विचारेल, असंच वाटत होतं. पुढचा थांबा आला. पाट्या फ्रेंच झाल्या. बाई पावाची पिशवी घेऊन उतरली. एवढंच. दुसऱ्या महायुद्धात ज्या नदीच्या दोन्ही काठांवर माणसं मेली, ती आम्ही दादर-माटुंग्यासारखी ओलांडली. आंतरराष्ट्रीय संबंध हा माझा विषय होता. त्यावरचं माझं सगळ्यात पक्कं शिक्षण त्या पाच मिनिटांत झालं.

(दृश्य: अमेरिकेतल्या एका खोलीची भिंत. भिंतीवर कॅलेंडर.)

सगळ्यांच्या वाट्याला असं मोकळं फिरणं येत नाही. अमेरिकेत पासपोर्टवरच्या व्हिसाची मुदत संपली तरी शिक्षण चालू असेपर्यंत राहता येतं, पण भारतात येऊन गेलं तर नव्या व्हिसाशिवाय परत जाता येत नाही. बोरिवलीचा एक मुलगा आजीच्या शेवटच्या दिवसांत येऊ शकला नाही. त्याने कॅमेऱ्यासमोर एवढंच सांगितलं. आम्ही पुढे काही विचारलं नाही.

(दृश्य: लंडन. किंग हेन्रीज रोड, घर क्रमांक 10.)

परळची माझी मैत्रीण लंडनला शिकत होती. पहिल्या रविवारी ती कुठे गेली असेल? या घरापाशी. 1921-22 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथे राहत होते. 2015 मध्ये महाराष्ट्र सरकारने हे घर विकत घेतलं. मैत्रिणीचं बालपण परळच्या बीआयटी चाळींच्या आसपास गेलं, तिथेही बाबासाहेब राहिले होते. ती दारासमोर उभी राहिली आणि तिला रडू आलं.

बाबासाहेब 1917 मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे शिक्षण अर्धवट टाकून मुंबईला परतले. त्यांची पुस्तकं वेगळ्या जहाजातून येत होती, ते जहाज टॉर्पेडोने बुडालं. मग सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून साठवलेले पैसे, मित्राकडून घेतलेलं कर्ज आणि शाहू महाराजांची मदत, एवढ्यावर ते 1920 मध्ये पुन्हा लंडनला गेले. अर्धपोटी राहून ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात दिवस काढले. लंडन पाहायला त्यांना ना पैसा होता, ना उसंत. मैत्रीण म्हणाली, "कर्ज काढून मीही गेले. पण मला रविवार मिळाला. तो मी खोलीत बसून घालवायचा?"

आत्याच्या प्रश्नाला याहून नीट उत्तर मला आजवर सापडलेलं नाही.

एका रविवारी ती सेंट पँक्रास स्टेशनासमोर आली आणि थबकली. लाल विटा, टोकदार कमानी, घड्याळाचा मनोरा. मुंबईतलंच काहीतरी वाटावं असं. तिने शोध घेतला. स्टेशनाला लागून असलेलं ते हॉटेल 1873 मध्ये उघडलं, वास्तुकार जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट. आपल्या मुंबई विद्यापीठाचं दीक्षान्त सभागृह आणि राजाबाई टॉवर यांचे आराखडेही त्याचेच. तो मुंबईला कधी आलाच नाही. कागदावर काढून पाठवलं आणि इथल्या कारागिरांनी आपल्या दगडात ते उभं केलं. मुंबईचे व्यापारी प्रेमचंद रायचंदांनी पैसा दिला, मनोऱ्याला आईचं नाव दिलं, आणि 1878 मध्ये मनोरा पूर्ण झाला.

(दृश्य: ओव्हल मैदान. मैदानातून जाणारी पायवाट. संध्याकाळ.)

परत आल्यावर पहिल्याच शनिवारी ती बाबांना घेऊन इथे आली. बाबा फोर्टात एका कचेरीत होते. एल्फिन्स्टन रोडहून चर्चगेट, मग या पायवाटेने पलीकडे, असं त्यांनी 31 वर्षं केलं. तिने मोबाइलवर लंडनचा फोटो उघडला, मनोऱ्याच्या शेजारी धरला, कमानी दाखवल्या, दगडातली कोरीव माणसं दाखवली. बाबा बराच वेळ मान वर करून बघत राहिले.

"मी रोज बघायचो गं याच्याकडे," ते म्हणाले. "पण फक्त किती वाजले ते."

मग त्यांनी चष्मा पुसला आणि ती कोरीव माणसं पुन्हा एकदा दाखवायला सांगितली.