न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात सायकलवर उलटी प्रदक्षिणा

(अंगण. गुरुजी खाटेवर बसलेले. मागे भिंतीला टेकवून ठेवलेली जुनी सागवानी चौकट, बाजूला स्टँडवर उभी सायकल.)

नमस्कार मंडळी. आवाज येऊन राहिला का? पुतण्या मान हलवतो आहे, म्हणजे येऊन राहिला.

आज धान नाही, तुडतुडा नाही, पीकविम्याचा फॉर्मही नाही. मागच्या वर्षी लेकीच्या बाळंतपणाला आम्ही दोघं अमेरिकेत गेलो होतो. तेव्हापासून गावात जो भेटतो तो विचारतो, "गुरुजी, तिकडं काय पाह्यलं जी?" प्रत्येकाला वेगळं सांगून घसा बसला. म्हणून आज एकदाच सगळ्यांना सांगतो.

लेक न्यू जर्सीत राहते. मधे नदी, पलीकडे न्यूयॉर्क. एका शनिवारी जावई म्हणाले, "बाबा, सेंट्रल पार्कात सायकलची टूर असते, सोबत गाईड. जाऊ या." मी म्हटलं, बाप्पा, सायकल चालवायला पैसे देऊन गाईड? मी ३१ वर्षं शाळेत सायकलनं गेलो, रस्ता दाखवायला कोणी नव्हतं. पण गेलो. तुमच्या काकू, म्हणजे आमच्या घरच्या, बाळापाशी थांबल्या.

आधी आकार समजून घ्या. पार्क आहे ८४३ एकरांचं. आपल्या हिशेबात बोलायचं तर पाच-पाच एकरवाले १६८ शेतकरी त्यात बसतात, वर तीन एकर उरतात. लांबी चार किलोमीटर, रुंदी जेमतेम पाऊण-एक किलोमीटर. चारही बाजूंनी उंच इमारती आणि मधे हे हिरवं, बांधीत रोवणी झालेली असावी तसं. आतून गोल फिरणारा रस्ता ९.८ किलोमीटरचा. २०१८च्या जूनपासून त्या रस्त्यावर मोटारगाड्या बंद आहेत. सायकली, धावणारे लोक आणि घोडागाड्या एवढंच.

टूर सुरू झाली दक्षिणेच्या टोकाला, ५९व्या रस्त्यापाशी. गाईड एक कॉलेजातली पोरगी. तिनं हेल्मेट दिलं, सीट खालीवर करून दिली आणि एक गोष्ट सांगितली ती नीट ऐका, उद्या तुमच्यापैकी कोणी गेलं तर दात वाचतील. (गुरुजी उठून सायकलचं हँडल धरतात.) आपल्या सायकलीला पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो. हा बघा. तिथं तो डाव्या हाताला. सवयीनं डावा ब्रेक कचकन दाबला की पुढचं चाक जागीच थांबतं आणि माणूस हँडलवरून पुढं जातो. मी पहिल्या शंभर फुटांतच अर्धा गेलो होतो. जावयांनी कॅरिअर धरायला हात पुढं केला, पण त्या सायकलीला कॅरिअरच नव्हतं.

दुसरी गोष्ट. सगळ्यांनी एकाच दिशेनं जायचं, आणि ती दिशा घड्याळाच्या उलटी. आपण प्रदक्षिणा घालतो तेव्हा देव उजव्या हाताला ठेवतो. तिथं पार्क डाव्या हाताला. सुरुवातीला मनाला रुचत नव्हतं. दोन किलोमीटरनंतर विसरलो.

पायवाटेवर मात्र सायकल चालवायची नाही, हातात धरून न्यायची. बेथेस्डा नावाचं कारंजं आहे, त्यावर पंख असलेल्या देवदूताची मूर्ती. तिथं जायला गाईडनं सगळ्या सायकली एका जागी कुलूप लावून ठेवल्या. ही मूर्ती एमा स्टेबिन्स नावाच्या बाईनं घडवली, १८७३ साली तिथं बसवली. त्या काळी शहरानं एखाद्या बाईला एवढं मोठं काम देणं ही मोठी गोष्ट होती. जवळच एल्म झाडांची दुतर्फा रांग आहे, इतकी सरळ की गावच्या तलाठ्यानं साखळी धरून लावली असावी.

मी गाईडला विचारलं, "हे जंगल किती जुनं?" ती हसली. म्हणाली, "सर, यातलं जंगल काहीच नाही." इथं माझी टूर खरी सुरू झाली.

१८५८ साली या जागेच्या आराखड्याची स्पर्धा झाली. ३३ आराखडे आले. फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट व्हॉक्स या दोघांचा निवडला गेला. जागा म्हणजे दलदल आणि खडक. खडक सुरुंगांनी फोडले, दलदलीचं पाणी काढलं, तळी खोदली. माती हलकी होती म्हणून नदीपलीकडून, न्यू जर्सीतून चांगली माती आणून पसरली. लेक राहते तिकडचीच माती! आपण उन्हाळ्यात तलावाचा गाळ शेतात टाकतो, तोच हिशेब, फक्त शहराच्या खर्चानं. तळ्यांत पाणी कुठून येतं? शहराच्या नळातून. म्हणजे तळं भरायचं तर चावी फिरवायची. मी भंडाऱ्याचा माणूस. कोहळी समाजाच्या लोकांनी बांधलेल्या जुन्या मालगुजारी तलावांच्या पाण्यावर आमचं धान झालं. पावसाचं पाणी कुठून कसं वळवायचं ते त्यांना नकाशाशिवाय कळत होतं. तेव्हा नळानं भरलेलं तळं पाहून मला काय वाटलं असेल ते तुम्ही समजा. दिसतं मात्र सुंदर, खोटं कशाला बोलू.

त्या दोघांची एक युक्ती मला फार आवडली. शहराचे आडवे रस्ते पार्क ओलांडून गेलेच पाहिजेत, नाहीतर माणसानं या अंगाहून त्या अंगाला जायचं कसं? त्यांनी असे चार रस्ते जमिनीच्या खाली खोल कापून नेले, वरून पूल, पुलावर झाडी. वरच्या माणसाला खालचा रस्ता दिसतच नाही. तेव्हा मोटार जन्मालाही आली नव्हती, टांगे आणि बैलबंड्यांसाठी केलेली सोय आज बसगाड्यांना पुरते. आपल्याकडे नागपूर-जबलपूर रस्त्यावर पेंचपाशी वाघांना जायला खालून वाट ठेवली आणि गाड्या वरून नेल्या. तिथं उलट, गाड्या खालून आणि माणसं वरून.

पुढं पूर्वेच्या रस्त्याला चढ लागला. मान खाली घालून पायडल मारत होतो, वर पाहिलं तर उजव्या-डाव्या बाजूला काय ते लक्षात येण्याआधी एका खडकावर बिबट! दबा धरून, शेपटी मागं, नजर रस्त्यावर. माझे पाय आपोआप थांबले. अंगावर काटा. आपल्या भागात मोहफुलं वेचायला गेलेल्या माणसाला जे होतं तेच झालं. मग कळलं, काशाचा आहे. प्यूमा म्हणतात तिकडच्या त्या जनावराला, १८८३ सालापासून तिथं बसला आहे. जावई इतके हसले की त्यांचीच सायकल आडवी झाली.

मग इजिप्तचा दगडी खांब पाहिला, साडेतीन हजार वर्षांचा, १८८१ साली तिथं उभा केलेला. नदीकाठावरून पार्कापर्यंत आणायलाच ११२ दिवस लागले म्हणे. मग १०६ एकरांचं मोठं पाणी. पूर्वी शहर त्याचं पाणी प्यायचं, १९९३ नंतर नाही.

इथं गाईडनं विचारलं, उत्तर टोकाचा हार्लेमचा चढ घ्यायचा की १०२व्या रस्त्यानं आडवं जायचं? तिकडं आधी मस्त उतार आहे आणि मग सगळं व्याजासकट फेडून घेणारा चढ. माझा गुडघा म्हणाला आडवं जा. तुम्ही पंचविशीचे असाल तर चढ घ्या.

रस्ता चुकला तर काय, असं काही जणांनी आधीच विचारून ठेवलंय. पार्कातल्या दिव्यांच्या खांबांवर आकडे असतात, चार आकडी. समजा ७५३९ लिहिलं आहे. पहिले दोन, ७५, म्हणजे तुम्ही ७५व्या रस्त्याच्या सरळ रेषेत आहात. शेवटचा ९ विषम, म्हणजे पश्चिमेकडे. सम असता तर पूर्वेकडे. सम-विषम तिसरीत शिकवतो आपण. माझ्या शाळेतले पोट्टे विचारायचे, "गुरुजी, हे कायले शिकाचं?" आता उत्तर मिळालं.

आणि साळुंकीच्या कुळातला एक पक्षी पाहिला, ठिपक्यांचा, स्टार्लिंग. १८९० साली एका हौशी माणसानं युरोपातून आणलेले साठेक पक्षी याच पार्कात सोडले. आज ते त्या अख्ख्या खंडावर पसरलेत आणि शेतकरी त्यांना शिव्या घालतात. ज्वारीवर भोरड्यांची धाड पाहिली आहे त्यांना वेगळं सांगायला नको.

(गुरुजी थोडं थांबतात. पाणी पितात.)

आता पश्चिमेची बाजू. ८५व्या रस्त्याच्या आसपास एका गवताच्या उतारापाशी गाईडनं हात वर केला, सगळे थांबलो. ती म्हणाली, इथं एक गाव होतं.

सेनेका व्हिलेज. १८२५ साली वसायला लागलं. काळ्या लोकांनी स्वतःच्या पैशानं जमीन विकत घेऊन घरं बांधली. पुढं आयर्लंडहून आलेली काही कुटुंबंही राहायला आली. १८५५च्या सुमारास सव्वादोनशे माणसं होती. तीन चर्च, एक शाळा, दफनभूमी. जमीन घेण्याला आणखी एक कारण होतं. त्या राज्यात काळ्या माणसाला मत द्यायचं तर अडीचशे डॉलरची मालमत्ता लागायची. गोऱ्यांना ही अट नव्हती. म्हणजे तो तुकडा नुसता घरासाठी नव्हता, मतासाठी होता.

१८५३ साली पार्कासाठी भूसंपादनाचा कायदा झाला. तेव्हाच्या वर्तमानपत्रांनी त्यांना काय म्हटलं? झोपड्या टाकून बसलेले, अतिक्रमणवाले. ज्यांच्याकडे जमिनीचे कागद होते त्यांनाही! १८५७ संपेपर्यंत गाव रिकामं झालं. पूर्ण पार्काच्या जागेवरून सोळाशेच्या आसपास माणसं हलवली.

टूरमधले बाकीचे फोटो काढत होते. मी पोरीला विचारलं, मोबदला मिळाला का? म्हणाली, जमीनमालकांना मिळाला, पण बऱ्याच जणांना तो कमी वाटला. भाड्यानं राहणाऱ्यांना? नाही. मग सगळे गेले कुठं? ती म्हणाली, त्याचा फारसा माग लागलेला नाही. गाव एकत्र दुसरीकडे वसलं नाही. २०११ साली तिथं खोदकाम केलं तेव्हा एका घराचा पाया सापडला. लोखंडी किटली, भाजायचं भांडं आणि चामड्याच्या तळाचा एक छोटासा जोडा.

जावई म्हणाले, बाबा, चला, पुढचे निघाले. मी म्हटलं, जा तुम्ही, मी येतो.

कमेंटमध्ये तुम्ही नेहमी विचारता ना, गुरुजींच्या मागं ही चौकट कसली, घराला का लावत नाही? (गुरुजी मागे वळून चौकटीवर हात ठेवतात.) ही आमच्या जुन्या गावातल्या घराची. गाव धरणात गेलं. ट्रॉलीत जे बसलं ते आणलं, त्यात ही. आजोबांनी केलेली, पाच फूट रुंद, कारण धानाचं पोतं खांद्यावर घेऊन माणूस आडवा न होता आत गेला पाहिजे. नव्या गावठाणातल्या प्लॉटवर घर उभं राहिलं त्याचा दरवाजा साडेतीन फुटांचा. कापून बसवू म्हणाला सुतार. मी कापू दिली नाही. म्हणून ती इथं आहे, पावसाळ्यात ताडपत्रीखाली.

मोबदला किती मिळाला आणि कधी मिळाला, हा आजच्या व्हिडिओचा विषय नाही.

त्या पोरीचं मला कौतुक वाटलं. बिबट दाखवून, कारंजं दाखवून तिची ड्युटी झाली असती. मी एकटा सायकल घेऊन फिरलो असतो तर त्या गवतावर बसून लेकीनं दिलेले पराठे खाल्ले असते आणि छान हवा आहे म्हणून निघालो असतो. सुरुवातीला गाईडच्या पैशावरून मी कुरकुरलो होतो, ते शब्द मागं घेतो.

उरलेलं पटकन सांगतो. खाली बीटल्सवाल्या जॉन लेननच्या आठवणीची जागा आहे, तिथं गर्दी. त्याच्या खाली मेंढ्यांचं कुरण. खरंच मेंढ्या असायच्या, १९३४ पर्यंत. गवत कमी ठेवायचं आणि खतही मिळायचं, शेतात मेंढ्या बसवतो तसं. मंदीच्या दिवसांत भुकेलेले लोक त्या कापून खातील या भीतीनं त्यांना हलवलं म्हणतात. गोठ्याचं पुढं हॉटेल झालं. आम्ही बाहेरूनच पाहिलं, भाव वाचून.

जाणाऱ्यांसाठी एवढंच: सकाळची टूर घ्या, धोतर किंवा साडी असेल तर आधी सांगा, पाण्याची बाटली स्वतःची न्या, आणि गाईडला प्रश्न विचारा. लाजू नका. इंग्रजी माझंही झेडपीचंच आहे.

आता एक निरोप. पुढच्या रविवारी गावातल्या पोट्ट्यांना घेऊन मी सायकलवर निघतो आहे. गाईड मीच, पैसे नाहीत. नव्या गावठाणातून जुन्या डांबरी रस्त्यानं, तो रस्ता जिथं पाण्यात शिरतो तिथपर्यंत. सात किलोमीटर. तिथं उभं राहून शाळा कुठं होती, चिंच कुठं होती, कोणाचं घर कोणाला लागून होतं ते दाखवीन. सकाळी सहाला देवळापाशी या. हवा भरायचा पंप मी आणतो. ज्याच्या सायकलीला चेनकव्हर नाही त्यानं पायजमा खोचून यायचं. आणि ब्रेक, बाबांनो, शनिवारीच तपासून ठेवा.

बंद कर रे आता, बॅटरी लाल झाली.