टॅम्पॉन सोडून कप घेताना

नमस्कार. टॅम्पॉन वापरणाऱ्या ज्या बायकांनी, मुलींनी आता मेन्स्ट्रुअल कप, म्हणजे पाळीचं रक्त आतच गोळा करणारा छोटा कप, घ्यायचं ठरवलं आहे, त्यांच्यासाठी आजचं बोलणं आहे. घरात पुरुष मंडळी असतील तर रेडिओचा आवाज कमी करू नका, ऐकू द्या त्यांनाही.

आधी एक गोष्ट. टॅम्पॉन आणि कप दोघंही अमेरिकेतले, आणि एकाच दशकातले. डेन्व्हर शहरात अर्ल हास नावाचे डॉक्टर होते. त्यांनी कापूस घट्ट दाबून त्याची गुंडाळी केली, तिला दोरा शिवला, आणि ती आत सरकवायला एकात एक बसणाऱ्या पुठ्ठ्याच्या दोन नळ्या केल्या. नळ्या कशाला? तर बाईचं बोट आत लागायला नको म्हणून. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. १९३३ मध्ये त्यांना पेटंट मिळालं. गर्ट्रूड टेंडरिक या बाईंनी ते ३२,००० डॉलरला विकत घेतलं आणि घरच्या शिलाई मशीनवर माल काढायला सुरुवात केली. टॅम्पॅक्स म्हणतात ते हेच.

आणि १९३७ मध्ये लिओना चाल्मर्स या नटीने पेटंट घेतलं ते रबराच्या कपाचं. रिकामा करा, धुवा, परत घाला. वस्तू चांगली होती, पण वेळ वाईट. महायुद्ध पेटलं, १९४२ मध्ये रबर पिकवणारा मलाया जपानच्या हाती गेला आणि रबराचा पुरवठाच तुटला. लष्कराच्या टायरला रबर पुरेना, तिथे कपाला कोण देणार? काम बंद पडलं. १९५०च्या दशकाच्या अखेरीला तोच कप ‘टॅसेट’ नावाने परत आला. आता अडचण जाहिरातीची, कारण पाळीबद्दल सरळ लिहायची चोरी. (आपल्या टीव्हीवर पॅडवर निळं पाणी ओतायचे ना, तसलाच प्रकार. निळं रक्त कोणाचं असतं, हे त्या जाहिरातवाल्यांना एकदा विचारायला हवं.) शिवाय धंद्याच्या हिशेबानेही वस्तू गैरसोयीची. एकदा विकली की गिऱ्हाईक वर्षानुवर्षं दुकानाची पायरी चढत नाही! तेव्हा १९७०च्या सुमारास काय काढलं असेल? ‘टॅसअवे’, म्हणजे वापरून फेकायचा कप. तोही चालला नाही. मग १९८७ मध्ये अमेरिकेतच ‘कीपर’ नावाचा रबरी कप आला, आणि या शतकात सिलिकॉनचे आले. आता आपल्याकडे मिळतात ते बहुतेक सिलिकॉनचेच.

तर ती नळी. टॅम्पॉन बोट न लावता घालायची वस्तू म्हणून जन्मला, आणि कपाचं सगळं काम बोटांचं. आपल्याकडचे बरेचसे टॅम्पॉन बिननळीचे असतात, त्यामुळे तुमचा अर्धा संकोच आधीच गेलेला आहे. उरते ती सवय, आणि नेमकी तीच नडते. टॅम्पॉन आपण वर, खोल ढकलतो. कप तसा ढकलायचा नाही. तो खाली बसतो, आणि त्याची दिशा माकडहाडाकडे, तिरपी. परत सांगते: वर नाही, मागे.

हात धुवा, उकिडव्या बसा. कपाची कड एका बोटाने आत दाबा म्हणजे तोंड टोकदार होतं, आणि पाण्याने ओला करून आत घाला. तेल नको, सुगंधी साबण तर नकोच. आत गेला की बुडाला धरून थोडा फिरवा आणि भोवती बोट फिरवून बघा. गोल लागला तर उघडला, खळगा लागला तर दुमडलेलाच आहे. गळतीचं पहिलं कारण हेच. दुसरं म्हणजे कप गर्भाशयमुखाच्या खाली न बसता त्याच्या शेजारी सरकलेला असतो. म्हणून पाळीच्या दिवसांत बोटाने गर्भाशयमुख कुठे लागतं ते आधी पाहून ठेवा. नाकाच्या शेंड्यासारखं टणक लागतं. बोटाच्या पहिल्या पेरावरच लागलं तर आखूड कप घ्या. वय आणि बाळंतपणं विचारून माप सांगतात, पण ही उंची जास्त महत्त्वाची.

काढताना टॅम्पॉनचा दोरा ओढायची सवय आड येते. कपाची दांडी ओढू नका. दांडी फक्त बूड सापडण्यापुरती. खाली जोर द्या, बूड चिमटीत दाबा, हवा शिरली की पकड सुटते, मग हलवत बाहेर घ्या. दांडी ओढायची नाही, बूड दाबायचं. तांबी बसवलेली असेल तर हे दुप्पट महत्त्वाचं, कारण त्या ओढीने तांबी सरकू शकते. अशांनी, आणि अंग बाहेर येण्याचा त्रास असलेल्यांनी, आधी डॉक्टरला विचारावं.

बारा तासांच्या आत एकदा तरी रिकामा करायचाच. जास्त जात असेल तर लवकर. आधी थंड पाण्याने धुवा, गरम पाण्याने डाग बसतो. पाळी संपली की पाच मिनिटं उकळा. त्यासाठी एक छोटा गंज, म्हणजे पातेलं, वेगळा ठेवा, चहाचा नको, आणि पाणी आटू देऊ नका, नाहीतर कप तळाला चिकटून जळतो. ठेवायचा सुती पिशवीत, डब्यात कोंडून नाही. नागपूरच्या मे महिन्यात टॅम्पॉन-पॅडचा ढीग भांडेवाडीच्या कचरा डेपोला पाठवण्यापेक्षा हा एक गंज बरा.

सराव व्हायला दोन-तीन पाळ्या लागतात. तोवर सोबत पातळ पॅड लावा. कपावर मिलिलिटरच्या रेघा असतील तर त्या वाचा. एका पाळीत एकूण ८० मिलिलिटरच्या वर जात असेल तर ते जास्त आहे. तेव्हा मेडिकल किंवा मेयो या नागपूरच्या सरकारी दवाखान्यांत जाऊन हिमोग्लोबिन तपासून घ्या, आणि किती मिलिलिटर गेलं तो आकडा लिहूनच न्या.