लहान मुलांना लघवी वाढवणारे औषध देताना

नमस्कार. खारघरला किंवा परळला हृदयाची शस्त्रक्रिया होऊन ठाण्याला घरी आलेल्या बाळाच्या औषधांत, तसेच मूत्रपिंडाच्या विकाराने डोळ्यांभोवती आणि पायांवर सूज आलेल्या मुलाच्या औषधांत, पुष्कळदा फ्युरोसेमाइड असते. हे औषध शरीरातले जास्तीचे मीठ आणि पाणी लघवीवाटे बाहेर काढते. पोटात गेल्यावर साधारण तासाभरात लघवी वाढते आणि परिणाम सुमारे सहा तास टिकतो. म्हणूनच दिवसातून दोनदा द्यायचे असल्यास दुसरी मात्रा बहुधा दुपारनंतर, झोपेच्या बऱ्याच आधी ठरवून दिलेली असते.

खरा घोटाळा होतो तो मोजण्यात. समजा, चिठ्ठीवर १० एमजी लिहिले आहे आणि बाटलीवर ‘एका एमएलमध्ये १० एमजी’ असे छापले आहे, तर बाळाला द्यायचे औषध फक्त एक एमएल. घाईत तो आकडा एमएलचा समजून सिरिंज दहापर्यंत भरली, तर दहापट औषध पोटात जाते. पातळ औषध वेगवेगळ्या तीव्रतेचे मिळत असल्याने नवी बाटली घेताना लेबल पुन्हा वाचावे आणि किती एमएल द्यायचे ते औषधविक्रेत्याकडून सिरिंजवर खूण करून घ्यावे. चहाचा चमचा या कामाचा नाही, मग आजी कितीही अनुभवी असोत. गोळीचे तुकडे किंवा पूड करायची असल्यास तीही डॉक्टरांनी सांगितलेल्या पद्धतीनेच करावी.

एखादी मात्रा चुकली म्हणून पुढच्या वेळी दुप्पट देऊ नये. औषध दिल्यावर मूल ओकले तर काय करायचे, हे पहिल्याच भेटीत विचारून चिठ्ठीवर लिहून घ्यावे. सूज उतरली म्हणून औषध आपणहून बंद करणे जितके चूक, तितकेच ती वाढलेली दिसली म्हणून जास्त देणे चूक. रोज सकाळी लघवी झाल्यावर, खाण्यापूर्वी, त्याच काट्यावर घेतलेले वजन वहीत लिहिले, तर डॉक्टरांना त्यावरून बरेच कळते.

जुलाब, उलट्या सुरू झाल्या किंवा मे महिन्याच्या उकाड्यात तापलेले मूल पाणीच पीत नसेल, तर पुढची मात्रा देण्याआधी डॉक्टरांना फोन करावा, कारण शरीर आधीच कोरडे पडत असताना हे औषध आणखी पाणी काढते. तोंड सुकलेले, डोळे खोल गेलेले, लघवी फारच कमी आणि मूल सुस्त पडलेले दिसले, तर फोनवर न थांबता रुग्णालय गाठावे. तापासाठी घरात असलेले आयब्युप्रोफेन न विचारता देऊ नये. या अवस्थेत त्याने मूत्रपिंडावरचा ताण वाढतो.

राहिला प्रश्न शहाळ्याचा. फ्युरोसेमाइडने पोटॅशियम कमी होऊ शकते, तर बऱ्याचदा त्याच्या जोडीला दिले जाणारे स्पायरोनोलॅक्टोन ते शरीरात राखून ठेवते. तेव्हा अशक्तपणा जावा म्हणून रोज शहाळ्याचे पाणी पाजणे (त्यात पोटॅशियम भरपूर असते) किंवा पोटॅशियम असलेले कमी सोडियमचे मीठ वापरणे, यांमुळे शरीरात पोटॅशियम फार वाढून ते काही मुलांच्या हृदयाच्या ठोक्यांवर बेतू शकते. आपल्या मुलाला यातले काय चालेल, हे रक्ततपासणीचा अहवाल पाहूनच डॉक्टर सांगू शकतात.